आग वरून जाते

नमस्कार श्रोतेहो. होळी झाली, मोह गळायला लागला की आपल्या नागपूरकडच्या जंगलात वणव्याचे दिवस येतात. वन विभागाच्या हिशेबात 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्या आगीबद्दल बोलायचं आहे, पण आधी माझ्या मावशीच्या गावाला चला.

देवलापारच्या पुढचं गाव, पेंचच्या जंगलाला लागून. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. पहाटे मोहफुलं वेचायला मावशीसोबत निघालो, तर अर्धी टेकडी काळीठिक्कर. फुलं दिसावीत म्हणून कोणीतरी मोहाखालचा पाला पेटवला होता, आणि आग वर चढली होती. मला रडूच फुटलं. मावशीनं टोपली खाली ठेवली, गवताचा एक जळका झुबका दोन्ही हातांनी फाकवला. म्हणे, "बोट घालून पाय." घातलं. वर राख अजून कोमट, आणि बुडाशी गारवा! "आग वरून गेली बापू, बुडात नाई गेली." पंधरा दिवसांनी मावशीनं मला पुन्हा तिथं नेलं. पावसाचा थेंब नव्हता, तरी त्याच झुबक्यातून सुईएवढे हिरवे कोंब निघाले होते, अन् राखेत चितळांच्या खुरांचे ठसे.

तर श्रोतेहो, आग वरून गेली, बुडात नाही गेली. सागाची साल जाड, म्हणून मोठं झाड तगतं. सागाचं बी तर इतकं टणक की रोपवाटिकेत ते आलटूनपालटून भिजवतात, वाळवतात. जंगलात तेच टणक कवच आगीच्या धगीनं सैल होतं. तिकडे अमेरिकेत यलोस्टोनला 1988 साली प्रचंड वणवा लागला. तिथल्या लॉजपोल पाइनची कितीतरी फळं राळेनं बंद असतात, ती धगीनं उघडली आणि राखेत रोपं उठली.

पण तीच आग मे महिन्यात, पाल्याचे थर साचल्यावर, दरवर्षी त्याच जागी लागली, तर कोवळी रोपं मरतात, टिटवीची जमिनीवरची अंडी जातात. म्हणून वनमजूर हंगामाआधीच पट्टे जाळून जाळरेषा काढतात, म्हणजे पुढे लागलेली आग तिथं अडते. उन्हातान्हात आग विझवणाऱ्या या माणसांना आपण साधा नमस्कारही करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि शहरात सकाळी पाल्याचे ढीग पेटवणं तर बंदच व्हायला हवं. तो पाला कुंड्यांना घाला, सोनं आहे.

मावशीनं जन्मात कधी मोहाखाली काडी ओढली नाही. आदल्या संध्याकाळी खराट्यानं जागा लख्ख झाडून यायची, आणि पहाटे त्या झाडलेल्या मातीवर फुलं पिवळीधम्मक पडलेली असायची.