सात पेठा, सात पोळ्या

(दृश्य: मंडईतली सकाळ. भाजीच्या गाळ्यासमोर चार मुलं एका चिठ्ठीवर वाकलेली.)

चिठ्ठी सामानाच्या यादीसारखी आहे. प्रत्येक ओळीत एक अक्षर गाळलेलं: 'मू–', '–ल', 'गाज–'. मुलं विचारात पडलीत. गाळ्यावरच्या मावशी मान वाकडी करून वाचतात. "मूग, वाल, गाजर. गवार झाली की रं! किती देऊ?"

ती चिठ्ठी आमची. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही सहा जणांनी एक खेळ रचायला घेतला होता. चार-चार जणांच्या टीम, जुनं पुणं, आणि पायी हिंडत सोडवायची कोडी.

अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८१ साली ब्रॅड शेफर नावाच्या विद्यार्थ्याने असा 'मिस्टरी हंट' सुरू केला. कॅम्पसमध्ये लपवलेलं एक जुनं नाणं शोधायचं होतं. आता तो दर जानेवारीत होतो, आणि जी टीम जिंकेल तिने पुढच्या वर्षीचा हंट रचायचा असा तिथला रिवाज आहे. सगळ्या कोड्यांची उत्तरं जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या कोड्याला 'मेटा' म्हणतात. आमचा जीव अडकला तो या मेटामध्ये.

(दृश्य: जुन्या पुण्याचा नकाशा. एकेका पेठेवर बोट फिरतं.)

पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. सोमवारात त्रिशुंड गणपती, बुधवारात पासोड्या विठोबा, शुक्रवारात मंडई, शनिवारात शनिवारवाडा. सात पेठांत सात अक्षरं द्यायची, वारांच्या क्रमाने लावली की ठिकाण तयार: वि-श्रा-म-बा-ग-वा-डा. हे सुचलं त्या रात्री आम्ही झोपलो नाही.

पहिल्या चाचणीला ज्युनियर आले. अक्षरं हाती येताच एकाने ती उलटीसुलटी करून वाड्याचं नाव ओळखलं. पोचल्यावर त्याने विचारलं, "मग पेठांचं काय होतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर सापडलं होतं, कोडं सुटलं नव्हतं.

म्हणून अक्षरं काढून टाकली. प्रत्येक पेठेत फक्त एक शब्द ठेवला, आणि शेवटच्या पाकिटात हॉस्टेलच्या मेसचा आठवड्याचा मेनू. शुक्रवारी एक पोळी, म्हणजे 'गवार'मधलं पहिलं अक्षर, ग. मंगळवारी दोन पोळ्या, म्हणजे 'अश्राप'मधलं दुसरं, श्रा.

दुसरी टीम इथेच अडकली. कॉम्प्युटर शाखेच्या एका मुलाने दुसरं अक्षर 'श' धरलं. त्याचं चूक नव्हतं. कॉम्प्युटरच्या हिशेबात 'श्रा' म्हणजे चार खुणा: श, पाय मोडल्याची खूण, र आणि काना. पण शब्दकोड्यात जोडाक्षराला एकच घर असतं. मग आम्ही प्रत्येक शब्दाखाली चौकोन छापले. 'अश्राप'खाली तीन.

आणि मेनू? तो कुणालाच कळेना. चौघंही पुण्यात वाढलेले. 'शनवारात राहतो', 'बुधवारात दुकान आहे' असं ते रोज म्हणतात, पण त्या नावात त्यांना वार ऐकूच येत नाही. पाऊण तास गेला. आमच्याबरोबर नांदेडची एक मैत्रीण नुसती बघायला आली होती. ती म्हणाली, "सगळे पत्ते वारांचेच आहेत ना?"

आम्हीही पुण्यातलेच. चिठ्ठ्यांवर आम्ही 'मंडई', 'शनिवारवाडा' एवढंच लिहिलं होतं. त्या रात्री सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा छापल्या. खाली पत्ता पूर्ण: शुक्रवार पेठ, शनिवार पेठ. एवढाच बदल. आणि त्या मैत्रिणीला सातवी म्हणून टीममध्ये घेतलं.

(दृश्य: विश्रामबागवाडा, संध्याकाळ. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब.)

या वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. आज समोरच्या फुटपाथवर चार मुली बसल्यात. मेनू मांडीवर, बोट सोमवारवर. तीन पोळ्या. बोट मंगळवारवर येतं आणि थांबतं. एकीने दुसरीचा दंड घट्ट धरलाय. कुणी बोलत नाही. मग चौघी एकदम उठतात आणि मान वर करून वाड्याकडे बघतात.

तो क्षण कॅमेऱ्यात आला, कारण त्यासाठी आम्ही सकाळपासून तिथेच उभे होतो.

फाटकाशी नांदेडची मैत्रीण थैली घेऊन उभी आहे. थैलीत एक ढब्बू पैसा आहे. आणि सात कोरी पाकिटं, पुढच्या वर्षीसाठी.