शस्त्रसंधीनंतरची दोन वर्षे

मित्रहो, एखाद्या देशात शस्त्रसंधीच्या करारावर सह्या झाल्या की तो टिकेल का, असा प्रश्न त्याच दिवशी विचारला जातो आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंच्या नेत्यांच्या मनात काय आहे यावरून शोधले जाते. माझ्या मते ते उत्तर सह्यांनंतरच्या दोन वर्षांत बंदूकधारी माणसांची काय व्यवस्था लावली जाते, यात अधिक सापडते.

अंगोला आणि मोझांबिक हे दोन्ही देश पोर्तुगालच्या जोखडातून १९७५ साली सुटले आणि दोघेही गृहयुद्धात सापडले. अंगोलाचे सरकार आणि युनिटा ही बंडखोर संघटना यांच्यात मे १९९१ मध्ये करार झाला. निवडणुकीपूर्वी दोन्ही सैन्ये मोडून एकच राष्ट्रीय सैन्य उभे करायचे, असे त्यात ठरले होते. पण ते काम अर्धवट असतानाच सप्टेंबर १९९२ मध्ये मतदान घेण्यात आले. एवढ्या अफाट देशावर देखरेख ठेवायला संयुक्त राष्ट्रांचे जेमतेम साडेतीनशे लष्करी निरीक्षक होते. युनिटाचे नेते जोनास साविंबी यांनी निकाल नाकारला, आणि त्यांचे सैन्य शाबूत असल्यामुळे या नकाराचे काही आठवड्यांतच युद्धात रूपांतर झाले. १९९४ चा दुसरा करारही मोडला. अखेर फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले, तेव्हा कुठे युद्ध थांबले.

मोझांबिकचा करार ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये झाला, म्हणजे अंगोला पुन्हा पेटत असतानाच. त्यापासून धडा घेऊन संयुक्त राष्ट्रांनी येथे सहा हजारांहून अधिक सैनिक पाठवले आणि सैन्ये विसर्जित होईपर्यंत निवडणूक ठरल्यापेक्षा एक वर्ष लांबवली. घरी परतणाऱ्या सैनिकांना काही काळ दरमहा भत्ता मिळाला. रेनामो या बंडखोर संघटनेचा राजकीय पक्ष व्हावा म्हणून वेगळा निधी उभारला गेला. बंडखोरांना पैसे देणे ज्यांनी त्यांचे अत्याचार भोगले त्यांना किती जड गेले असेल, याची जाणीव ठेवूनच मी म्हणतो की तो खर्च योग्य होता. १९९४ च्या निवडणुकीत रेनामो हरली, पण २५० पैकी ११२ जागा मिळाल्यामुळे संसदेत बसण्यात तिला अर्थ होता.

दोन्ही देशांची परिस्थिती सारखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. युनिटाच्या हाती हिऱ्यांच्या खाणी होत्या, त्यामुळे लढाई चालू ठेवणे तिला परवडत होते. मोझांबिकमधील दोन्ही बाजू मात्र दुष्काळाने आणि दारिद्र्याने खचल्या होत्या, आणि रेनामोला बाहेरून मिळणारा आधारही आटला होता.

शिवाय मोझांबिकचे कामही पुरे झाले नव्हते. रेनामोचे काही सशस्त्र लोक मागे राहिले, राज्यकारभारात आपल्याला वाटा नाही ही खंत साचत गेली, आणि २०१३ मध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार करावा लागला. त्यानुसार पाच हजारांहून अधिक जणांनी शस्त्रे खाली ठेवली आणि रेनामोचा शेवटचा लष्करी तळ २०२३ मध्ये बंद झाला. रोमच्या कराराला तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती आणि या लढवय्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी निवृत्तिवेतनाची होती.