गुडघा बदलल्यानंतरच्या गोळ्या

नेरूळच्या जुन्या सिडको वसाहतींतील कित्येक इमारतींना आजही लिफ्ट नाही. ज्यांनी ऐन उमेदीत इथे घरे घेतली, त्यांचे गुडघे आता सत्तरीत प्रत्येक जिन्यावर बोलू लागले आहेत आणि सांधेरोपणाची शस्त्रक्रिया या परिसरात नित्याची झाली आहे. शस्त्रक्रियेची तयारी घरोघर मनापासून केली जाते. कमोड बसवला जातो, वॉकर आणला जातो, पलंगाची उंची वाढवली जाते. मात्र रुग्ण घरी आल्यावर वेदनाशामक गोळ्या कोण देणार, कोणत्या वेळी देणार आणि कोणत्या गोळीबरोबर कोणती चालत नाही, याचा विचार बहुतेक घरांत पहिल्या रात्री दुखू लागल्यावरच सुरू होतो.

ती पहिली रात्र अवघड का जाते, हे आधीच समजून घेतलेले बरे. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या कण्यात भूल दिलेली असते आणि बहुधा मांडीतील नसेजवळही बधिर करणारे इंजेक्शन दिलेले असते. त्यांचा अंमल असेपर्यंत रुग्ण हसतखेळत असतो, नातेवाईकही निर्धास्त होतात. पुढच्या एक-दोन दिवसांत हा अंमल उतरतो, सूज वाढते आणि नेमक्या त्याच सुमारास रुग्णाला घरी सोडले जाते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेले दुखणे म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली, असा अर्थ लगेच काढू नये.

आपल्याकडे आधीची पिढी, विशेषतः स्त्रिया, दुखणे सोसण्यात पटाईत आहेत. ‘अगदीच सहन होईना की मग घेईन गोळी’ हे वाक्य घरोघर ऐकू येते, आणि या शस्त्रक्रियेनंतर तेच सर्वांत जास्त नुकसान करते. इथे गोळी केवळ आराम पडावा म्हणून नसते. गुडघा हलवता यावा म्हणून ती दिलेली असते. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ झाला नाही आणि पुरेसा वाकला नाही, तर आत तयार होणाऱ्या व्रणाच्या ऊतींमुळे तो आखडतो, आणि मग तो मोकळा करणे फार कष्टाचे होते. साधारण दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत वाकणे हे उद्दिष्ट पुष्कळ ठिकाणी ठेवले जाते. ठणकणाऱ्या गुडघ्याने ते साधत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट सकाळी ११ वाजता येणार असतील, तर त्या वेळची ठरलेली गोळी १० ते १०.३० च्या दरम्यान पोटात गेलेली असावी. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते खरे, पण त्याने गुडघा वाकलेल्या स्थितीतच राहतो. आधार द्यायचा तर तो टाचेखाली द्यावा.

आता अशा एखाद्या घरातला औषधांचा स्टीलचा डबा डोळ्यांसमोर आणा. यात पाच-सहा पट्ट्या आहेत आणि त्यांतील दोन औषधांच्या दुकानात कात्रीने कापून दिलेल्या आहेत. गोळीचे नाव आणि मुदतीची तारीख दुकानात राहिलेल्या अर्ध्या भागावर गेली. घरी आली ती नुसती चार चंदेरी टोपणे. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, यांतली कोणती गोळी द्यायची हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून कापलेल्या प्रत्येक पट्टीवर नाव आणि मात्रा लिहिलेली चिकटपट्टी लावावी, आणि शेजारी एक साधी वही ठेवावी. वहीत वेळ, गोळी, मात्रा आणि शून्य ते दहा या मापात दुखणे किती, एवढेच लिहायचे. वहीची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीकडे असावी. मुलगा, सून आणि रात्रीची आया अशा तिघांनी अंदाजाने गोळ्या दिल्या, तर एखादी चुकते आणि एखादी दोनदा जाते.

दोनदा जाण्याचा धोका पॅरासिटामॉलच्या बाबतीत सर्वाधिक आहे, कारण ते अनेक नावांखाली दडलेले असते. समजा, ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा दिली, तर २,६०० मिलिग्रॅम झाले. ट्रॅमाडोल या तीव्र वेदनाशामकाच्या जोडगोळीत बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. अशा तीन गोळ्यांचे ९७५ झाले. त्यातच सर्दी झाली म्हणून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या दोन गोळ्या घेतल्या, की बेरीज ४,५७५ वर जाते. प्रौढांसाठीची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम आहे. वय जास्त, वजन कमी किंवा यकृत कमजोर असेल, तर डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात. कॉम्बिफ्लॅममध्ये तर पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते, म्हणजे एका गोळीत दोन हिशेब.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब या गटातील औषधे सूज उतरवण्यात प्रभावी आहेत, पण वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडावर, पोटावर आणि रक्तदाबावर त्यांचा ताण पडतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि त्याच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला ही गोळी अनेक दिवस चालू राहिली, उलट्यांमुळे पाणीही कमी गेले, तर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण, वाढू शकते. शिवाय, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून या काळात अ‍ॅस्पिरिन, रिव्हारोक्साबॅन किंवा अपिक्साबॅन चालू असते, आणि दोन्ही एकत्र आल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘मला या गोळीने बरे वाटले’ असे सांगत आपल्या गोळीचे नाव पुढे करतो. त्याचा स्नेह घ्यावा, गोळी घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन ‘दुखण्याचीच गोळी आहे’ असे समजून परस्पर बंद करणेही तितकेच घातक आहे.

ट्रॅमाडोलविषयी घरात दोन टोकांची मते असतात. ‘नशेची गोळी’ म्हणून काही जण ती देतच नाहीत, तर काही जण चिठ्ठी न दाखवता ती मागत दुकानांत फिरतात. हे औषध २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे चिठ्ठी मागणारा दुकानदार आडमुठेपणा करत नसतो. ठरलेल्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी घेतल्यास तिचा उपयोग होतो आणि भीतीपोटी ती टाळण्याचे कारण नाही. मात्र तिच्याने मळमळते, चक्कर येते आणि बद्धकोष्ठ अनेकदा होतो. म्हणून शौचाला साफ होण्याचे औषध डॉक्टरांना विचारून पहिल्याच दिवशी सुरू करावे. झोपेची गोळी, नसांच्या दुखण्यावरचे प्रीगॅबालिन किंवा मद्य यांच्याबरोबर तिचा गुंगीचा परिणाम वाढतो आणि श्वास मंदावू शकतो. नैराश्यावरची काही औषधेही तिच्याशी जुळत नाहीत. रात्री बाथरूमकडे जाताना वॉकर, दिवा आणि सोबत, तिन्ही हवीत.

गोळ्या कमी करताना सहसा आधी दिवसाची ट्रॅमाडोल, मग रात्रीची, त्यानंतर सूज उतरवणारी गोळी आणि शेवटी पॅरासिटामॉल असा क्रम ठेवला जातो. नेमके वेळापत्रक डॉक्टरांनीच ठरवायचे. रात्रीचे दुखणे आणि सूज काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळतात. पण पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला, ताप चढला, शौचाला काळी झाली किंवा रुग्ण उठवूनही नीट जागा होईना, तर जास्तीची गोळी न देता लगेच शल्यचिकित्सकांना फोन करावा. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर फोनवर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

टाके काढायला जाताना वही आणि सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्यात, म्हणजे काय चालू ठेवायचे आणि काय थांबवायचे हे समोरासमोर ठरते. उरलेली ट्रॅमाडोल शेजारच्या कंबरदुखीसाठी देऊ नये. मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधून द्यावीत.