वर हसू, खाली एगबीटर

नमस्कार मंडळी! ऑलिंपिक सुरू असलं की चॅनल बदलता बदलता हे कधीतरी दिसतंच, आठ जणी, चमचमते कॉश्च्युम, नाकाला चिमटा, गाण्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पाण्याबाहेर, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, हा कसला खेळ, हा तर डान्स! सिंक्रोनाइज्ड स्विमिंग हो, २०१७ पासून ऑफिशियल नाव आर्टिस्टिक स्विमिंग.

आता गंमत ऐका. तळाला पाय टेकवायचा नाही, म्हणजे नाहीच. एखादी मुलगी पाण्यातून उडून हवेत कोलांटी मारते ना, तिला खालून ढकलणाऱ्या सगळ्या अधांतरीच असतात. कमरेपर्यंत वर येऊन हात हलवत गोड हसतात तेव्हा खाली पाय ताकातल्या रवीसारखे गरगर फिरत असतात, एक इकडे एक तिकडे, त्याला एगबीटर म्हणतात, वॉटर पोलोवालेही तेच करतात. डोकं खाली असलं की नाकात पाणी जातं म्हणून तो चिमटा, आणि गाणं पाण्याखालच्या स्पीकरवर ऐकू येतं. केसांना तर गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन ब्रशने फासतात, ते वाळून कडक होतं, मग नंतर गरम पाण्याखाली डोकं धरून बसा!

आणि श्वास. २०२२ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये अमेरिकेची अनिता अल्वारेझ सोलो संपवताच बेशुद्ध होऊन तळाकडे जायला लागली, कोच आंद्रेया फुएन्तेसने अंगावरच्या कपड्यांसकट उडी टाकली आणि तिला वर काढलं. तीच अनिता २०२४ ला पॅरिसमध्ये टीमचं सिल्व्हर घेऊन गेली. आता बोला, डान्स म्हणे!

ऑलिंपिकमध्ये हे आलं १९८४ ला, लॉस एंजेलिसला. २००० पासून टोकियोपर्यंत रशियन मुलींनी गोल्ड कुणाला मिळूच दिलं नाही, पॅरिसला रशिया नव्हता, दोन्ही गोल्ड चीनने नेली, त्यातलं ड्युएटचं तर वांग आडनावाच्या जुळ्या बहिणींनी.

पुरुषांचं मात्र ऑलिंपिकमध्ये अजून अडलंय. २०१५ ला रशियातल्या कझानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मिक्स्ड ड्युएट, म्हणजे एक पुरुष आणि एक बाई अशी जोडी, सुरू झाला, तिथे अमेरिकेच्या बिल मे ने गोल्डही जिंकलं. पॅरिसला टीममध्ये दोन पुरुष चालतील असा नियम झाला, हा पठ्ठ्या ४५ व्या वर्षी तयारीत, पण फायनल यादीत नाव नाही, आणि दुसऱ्या कुठल्या देशानेही पुरुष उतरवला नाही. मला तरी हे काही पटलं नाही बुवा. बघू, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कोण उतरतंय.