मारिओ पार्टी आणि त्या गाडीचं भांडण

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय एका व्हिडिओ गेमच्या नवव्या भागाबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्याला मार्क देणाऱ्यांबद्दल. गेमचं नाव मारिओ पार्टी ९. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘वी’ या यंत्रासाठी तो मार्च २०१२ मध्ये युरोप-अमेरिकेत आला, आणि जपानात त्यानंतर, एप्रिलमध्ये. समीक्षकांनी त्याचं बऱ्यापैकी स्वागत केलं. मेटाक्रिटिक ही सेवा ठिकठिकाणच्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढते. तिथे त्याला १०० पैकी ७३ मिळाले. आधीच्या आठव्या भागाला होते ६२. म्हणजे चांगली अकरा गुणांची बढती! आणि तरीही या मालिकेच्या जुन्या चाहत्यांना विचारा, सगळ्यात जास्त राग कोणत्या भागाचा, तर त्यातले कितीतरी जण याच नवव्याकडे बोट दाखवतील. कारण त्यातली एक गाडी. तिच्याकडे पुढे येतोच.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी तो कसा चालतो ते सांगतो. टीव्हीच्या पडद्यावर सापशिडीसारखा एक पट असतो. चार खेळाडू आपापलं पात्र निवडतात, कुणी मारिओ, कुणी लुइजी, कुणी पीच, कुणी योशी. फासा पडेल तितकी घरं पुढे जायचं. चौघांची पाळी झाली की मध्येच एक छोटा खेळ होतो, मिनीगेम. उड्या मारा, मोजा, पळा, ढकला, एखाद्या मिनिटात निकाल. जिंकलात की नाणी. पहिल्या भागात वीस नाणी दिली की एक तारा मिळायचा, आणि शेवटी ज्याच्याकडे तारे जास्त तो जिंकला.

ऐकायला अगदी साधं. पण पटावर ‘बू’ नावाचं एक भूत बसलेलं असतं. त्याला पन्नास नाणी मोजली की ते दुसऱ्याचा एक तारा चोरून तुम्हाला आणून देतं. कुणाचा, ते तुम्ही ठरवायचं. सोफ्यावर शेजारी बसलेल्या सख्ख्या भावाचा, समोर, सगळ्यांच्या देखत. आणि डाव संपला असं वाटेपर्यंत बक्षिसाचे तारे जाहीर होतात. पहिल्या भागात त्यातला एक तर प्रश्नचिन्हाच्या घरांवर सगळ्यात जास्त वेळा पडल्याबद्दल होता, म्हणजे निव्वळ नशिबाबद्दल. तासभर पुढे असलेला माणूस शेवटच्या मिनिटाला हरतो आणि सात वर्षांची पुतणी जिंकते. घरात जो आरडाओरडा होतो तो इथे होतो.

पहिला भाग डिसेंबर १९९८ मध्ये जपानात आला, निन्टेंडो ६४ या यंत्रावर. बनवला होता हडसन सॉफ्ट या कंपनीने. त्यातल्या काही मिनीगेममध्ये कंट्रोलरची दांडी जमेल तितक्या वेगाने गरागरा फिरवायची होती. पोरांनी ती अंगठ्याने फिरवण्याऐवजी तळव्याने घासायला सुरुवात केली आणि हातांना फोड आले. प्रकरण न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलपर्यंत, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलापर्यंत गेलं आणि २००० साली निन्टेंडोने अमेरिकेतल्या ग्राहकांना हातमोजे देऊ केले. व्हिडिओ गेम खेळण्यासाठी हातमोजे! दुसऱ्या भागात ते दांडी फिरवणं बंद झालं. पुढच्या भागाने मागच्या भागाची चूक दुरुस्त करावी, याचं इतकं सरळ उदाहरण क्वचित सापडेल.

नंतर मात्र रतीब सुरू झाला. २००२ ते २००५, दरवर्षी एक भाग, चौथा, पाचवा, सहावा, सातवा. समीक्षकांचा सूर हळूहळू कंटाळ्याचा होत गेला. तक्रारी ठरलेल्या होत्या. तेच ते आहे, नशीब फार चालतं, दुसऱ्यांच्या पाळ्या संपता संपत नाहीत. २००७ मध्ये आठवा भाग आला, वीवरचा पहिला. चित्रं जुन्या यंत्रावरची वाटतात, रुंद पडद्याची सोय नाही, सगळं संथ, असं सगळ्यांनी लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच गेमच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. गुण ६२ आणि खप एवढा! यावर हसून सोडून देणं सोपं आहे, लोकांना काय कळतं म्हणून. मला तसं वाटत नाही.

समीक्षकाला लेख वेळेत द्यायचा असतो. चार मित्र रोज संध्याकाळी कुठून गोळा करणार? मग उरलेल्या जागांवर कॉम्प्युटर बसतो. कॉम्प्युटरची पाळी नुसती बघत बसणं म्हणजे शिक्षाच. तिथे मित्र असता तर त्याच्या वाईट फाशावर तुम्ही टाळ्या पिटल्या असत्या. कॉम्प्युटरने तारा चोरला की संताप येतो, पण त्याला टोमणा कसा मारणार? माझा अंदाज असा की ‘संथ’ आणि ‘अन्यायकारक’ हे दोन्ही शेरे बऱ्याचदा त्या रिकाम्या सोफ्यावरून आलेले असतात. तो सोफा डिस्कवर नसतो, आणि गुण तर डिस्कला द्यायचे असतात.

आता येऊ त्या गाडीकडे. नवव्या भागाच्या वेळी हडसन सॉफ्ट कोनामी कंपनीत विलीन होत होती आणि तिथली बरीच माणसं एनडीक्यूब या दुसऱ्या कंपनीत गेली होती. एनडीक्यूबने पटच बदलून टाकला. चौघांनी वेगवेगळं चालायचं नाही. चौघं एकाच गाडीत बसणार. ज्याची पाळी तो त्या वेळचा कप्तान. त्याने फासा टाकला की गाडी सगळ्यांना घेऊन पुढे जाते आणि वाटेत जे काही मिळेल ते कप्तानाचं. नाणी गेली, विकत घ्यायचे तारे गेले, त्यांच्या जागी छोटे तारे आले, आणि काही ठिकाणी ते उलट हिरावून घेणारे. मिनीगेम प्रत्येक फेरीनंतर नाही, ठराविक घरावर गाडी थांबली तरच. वाटेत आणि शेवटी एकेका मोठ्या खलनायकाशी सामना.

समीक्षकांच्या जुन्या तक्रारींची यादी समोर ठेवून कुणी गेम बनवला तर तो असाच बनेल. रेंगाळणं कमी झालं, वेग आला, नवीनपणा आला. म्हणून ७३.

पण चाहत्यांनी काय गमावलं ते बघा. जुन्या पटावर माझा माझा रस्ता होता. ताऱ्याकडे डावीकडून जाऊ की उजवीकडून, नाणी राखू की सापळा लावू, हे मी ठरवायचो. गाडीत बसल्यावर रस्ता सगळ्यांचा एकच. पुढे कुठलं घर येणार आणि तेव्हा कप्तान कोण असणार, एवढाच हिशेब उरला. नशीब कमी झालंच नाही, उलट वाढलं. कमी झालं ते माणसाने माणसाला लुबाडणं. आता वाईट घडतं ते फाशामुळे, भावामुळे नाही. मग चिडायचं कुणावर? माझ्या मते चाहत्यांचा राग रास्त होता. रेंगाळण्याबद्दल समीक्षकही बरोबर होते, पण औषध भलत्याच रोगावर दिलं गेलं.

निन्टेंडोने गाडी लगेच सोडली नाही. २०१५ मध्ये वी यू यंत्रावर दहावा भाग आला, तोही गाडीसकट. त्यात एक कल्पना झकास होती. पाचवा खेळाडू खलनायक बाउझर होऊन हातातल्या वेगळ्या पडद्यावरून बाकी चौघांच्या मागे लागतो. हे शत्रुत्व खरं होतं! पण बाकी गेममध्ये तीच गाडी आणि तोच सरळ रस्ता. या वेळी समीक्षकही कंटाळले. ६६.

२०१८ मध्ये स्विच यंत्रावर सुपर मारिओ पार्टी आला आणि प्रत्येकाला आपले पाय परत मिळाले. पात्रागणिक फासे वेगळे झाले. वारिओ या लोभी पात्राच्या खास फाशावर चार बाजूंना सहा आणि उरलेल्या दोन बाजूंना नाण्यांचं नुकसान, म्हणजे अगदी त्याच्या स्वभावासारखा फासा. पट मात्र चारच, आणि लहान. तारा दहा नाण्यांना, फारच स्वस्त. इंटरनेटवरून लांबच्या माणसाबरोबर पूर्ण डाव खेळायची सोय यायला एप्रिल २०२१ उजाडला. तोवर करोनाने लोकांना घरात कोंडून वर्ष उलटलं होतं. पार्टीच्या खेळाला याहून जास्त मागणी कधी असणार होती कोण जाणे. गुण ७६, खप दोन कोटींच्या वर.

२०२१ च्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या मारिओ पार्टी सुपरस्टार्सने तर नवं काही शोधलंच नाही. निन्टेंडो ६४ च्या काळातले पाच पट आणि आधीच्या भागांतले १०० मिनीगेम उचलले. समीक्षकांनी दिले ८०. ‘तेच ते आहे’ म्हणून ज्या मालिकेला इतकी वर्षं झोडपलं, तिच्या जुन्या पटांना! ते दांडी फिरवणंही परत आलं. आता सोबत सूचना असते की तळव्याने फिरवू नका.

ऑक्टोबर २०२४ मधला जॅम्बोरी हा स्विचवरचा तिसरा भाग. सात पट, ११० हून अधिक मिनीगेम, गुण ८२. त्यात प्रो नियम म्हणून एक वेगळा प्रकार ठेवलाय. बक्षिसाचा तारा कशासाठी मिळणार हे सुरुवातीलाच सांगून टाकतात, मिनीगेम मतदानाने ठरतो, नशिबाचा वाटा कमी होतो. ज्यांना हरल्यावर कारण हवं असतं त्यांच्यासाठी तो आहे. पण तो निवडावा लागतो. नेहमीच्या नियमात शेवटचे तारे अजूनही शेवटीच जाहीर होतात, आणि घरात पुतणी असेल तर मी प्रो नियमांच्या वाटेला जाणार नाही.

नमस्कार.