मूळचे कुठले?

नमस्कार मंडळी, आणि आमच्यातले जे कोणी ऐकत असतील त्यांना जय ख्रिस्त. मी इथे पुण्यात एम.ए. करतेय, इतिहास, सेकंड इयर. घर नेवासे तालुक्यात, जिल्हा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं पण आमच्या आजीच्या तोंडातून अजून नगरच निघतं. मला सांगितलंय की श्रद्धा, शिक्षण आणि सार्वजनिक प्रश्न यावर बोल, विषय ऐकूनच घाम फुटला, मग म्हटलं त्यापेक्षा एका प्रश्नावर बोलू जो मला लहानपणापासून लोक विचारतायत. "मूळचे कुठले तुम्ही?"

कॉलेजच्या ॲडमिशनला दाखला काढायला गेले होते तेव्हाचं सांगते. खिडकीतल्या साहेबांनी फॉर्म बघितला, मला बघितलं, परत फॉर्म बघितला, म्हणाले ख्रिश्चन, मग नाव कसं काय मराठी? मी म्हटलं सर, घरात मराठीच बोलतो, पणजोबांच्या आधीपासून. ते म्हणाले हो हो, पण मूळचे कुठले? आता त्यांना गाव नको होतं हे कळायला मी काही लहान नव्हते. जात विचारायची होती, ती अशी आडून विचारतात.

त्यांच्यावर चिडायचा मला फारसा हक्क नाही कारण आमच्या चर्चमध्येही तेच चालतं. उपासनेत सगळे बंधू आणि भगिनी, आणि लग्न जमवायची वेळ आली की हळूच, "मुलीकडचे मूळचे कुठले?"

आमच्या घरात मूळ लपवत नाहीत. पणजोबा मांगवाड्यातले, मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली. नगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या मिशनऱ्यांची संस्था, 1831 मध्ये आलं, त्यातल्या सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या होत्या, सावित्रीबाईंनी तिथे ट्रेनिंग घेतलं. हे आमचे लोक दर वर्षी भाषणात सांगतात आणि टाळ्या घेतात. मला त्या टाळ्यांचा जरा कंटाळा आलाय खरं तर.

कारण डिझर्टेशनसाठी मी 'ज्ञानोदय' वाचतेय. 1842 ला नगरहून सुरू झालेलं ख्रिस्ती नियतकालिक. त्यात 1855 च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकात मुक्ता साळवेचा निबंध आहे, मांग महारांच्या दुःखाविषयी. चौदाएक वर्षांची मुलगी, मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. ती म्हणते वेद जर ब्राह्मणांचेच तर आमच्याजवळ धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित, मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं, हे लिहिते. आणि शेवटी आपल्या लोकांना म्हणते की ज्ञानाचं औषध घ्या. मी ती पानं झेरॉक्स करून आणली आणि हॉस्टेलच्या खोलीत दोनदा मोठ्यांदा वाचली, रूममेट म्हणाली काय झालं गं तुला.

मुक्ता देवालाच प्रश्न विचारते, आणि मला संडे स्कूलपासून शिकवलंय की प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास कमी पडणं. पाळकसाहेब चांगले आहेत आमचे, पण जास्त शिकलं की पोरं देवापासून लांब जातात असं तेही म्हणतात. माझं उलट झालंय. हा निबंध वाचल्यावर मी खूप दिवसांनी मनापासून प्रार्थना केली.

आता सार्वजनिक प्रश्न. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये धरल्या, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना ओबीसीत धरतात, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू नाही, राखीव मतदारसंघ नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये सांगितलं की ही धर्माची अट काढा, मग 2022 मध्ये परत नवा आयोग नेमला. धर्म बदलला की जात गेली असं कायदा धरून चालतो. गाव तसं धरत नाही, आणि आत्ताच सांगितलं तसं, आमची मंडळीही धरत नाही. काहीजण म्हणतील सवलतीसाठी चाललंय सगळं. असू दे की सवलतीसाठी, त्यात लाज कसली?

हा विषय मी चर्चच्या गेल्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे सुगीच्या सणाला, तरुण संघात काढला. बाहेर अंगणात लिलाव चालू होता, कोंबडे, बाजरी, केळीचा घड, आणि एक भोपळा चढत चढत अकराशेला गेला, घेणाऱ्या काकांनी तो परत दान केला, मग परत लिलाव. आत मी म्हटलं दहा मिनिटं द्या, 1950 चा आदेश काय आहे ते सांगते. एक मोठे म्हणाले बेटा, राजकारण चर्चच्या बाहेर ठेवायचं. पुढच्या आठवड्यात निवडणुकीचे उमेदवार येऊन त्याच अंगणात चहा पिऊन गेले ते सोडा.

घरी आल्यावर आजीला झेरॉक्स दिला. आजी मिशन शाळेची चौथी पास, उपासना संगीत, म्हणजे आमचं गीतांचं पुस्तक, पाठ, पण वाचायला भिंग लागतं. ओसरीवर बसून बोट ठेवून ठेवून वाचत होती, जुनी मराठी, मध्ये अडली, परत मागे गेली. बाळंतिणीच्या वाक्यापाशी थांबली. भिंग खाली ठेवलं.

"ही पोर पुढं आपल्यात आली का गं?"

म्हटलं ते माहीत नाही आजी, फुल्यांच्या शाळेतली होती ती.

"मग आपल्या लोकांनी छापलं कसं?"

म्हटलं छापलं, तेव्हा छापायचे.

आजीने भिंग परत उचललं आणि म्हणाली, दिवा लाव, अजून एक पान आहे.