बाकीचे तीन मोजे

नमस्कार, श्रोतेहो.

"एक हत्ती होता. त्यानं मोजा घातला. एकच."

माझ्या चार वर्षांच्या भाचीनं गोष्ट सुरू केली ती अशी. तिचा नऊ वर्षांचा भाऊ लगेच म्हणाला, "एकच का? हत्तीला चार पाय असतात." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाकीचे तीन ओले होते."

मी मुकाट्यानं पेन आणि पाठकोरे कागद शोधायला उठले.

दोघा-तिघांनी मिळून गोष्ट रचायची म्हणजे एकेकानं एकेक वाक्य सांगायचं, एवढं सोपं वाटतं. तसं ते नसतं. भाच्याचं पहिलंच वाक्य होतं, "मग हत्तीवर उल्का पडली आणि हत्ती मेला." झालं, रडारड. थोरलं मूल गोष्ट पटकन संपवायला बघतं आणि धाकट्याला ती संपायलाच नको असते. त्या दिवशी आम्ही एकच नियम केला: आधीच्यानं सांगितलेलं पुसायचं नाही आणि दुसऱ्याच्या पात्राला मारायचं नाही. भाचा जरा घुश्शात बसला. मग म्हणाला, "बरं, उल्का शेजारी पडली. मोठा खड्डा झाला, त्यात पाणी साचलं, आणि त्याचा एकुलता एक कोरडा मोजाही भिजला." ही गोष्ट उल्केनं मेलेल्या हत्तीपेक्षा कितीतरी सरस, नाही का? अडवलं की मुलं जास्त चांगलं सुचवतात, असा माझा अनुभव आहे. अर्थात अडवायचं ते नियमानं. "असं कर ना, तसं कर ना" म्हणत अडवलं, की गोष्ट मोठ्यांची होऊन बसते.

माझी चूक झाली ती नेमकी तिथेच. भाची म्हणाली होती, "हत्ती रडला, रडला, मग थांबला, आणि मग परत थोडा रडला." मी लिहिलं, "हत्ती खूप रडला." आटोपशीर, शुद्ध मराठी! संध्याकाळी वाचून दाखवताना तिनं माझा हात धरला. "मावशी, असं नव्हतं. तो परत थोडा रडला होता." तिला अक्षरओळख नव्हती, पण पानावर काय असायला हवं ते पक्कं ठाऊक होतं. मग मी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, तिच्यावर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि माझ्या ओळीवर चिकटवली. ती पट्टी अजून तिथे आहे, कडेनं किंचित सुटलेली.

या बाबतीत आपले गुरुजी म्हणावेत असे एक शिक्षक फ्रान्समध्ये होऊन गेले, सेलेस्टँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती. 1920 च्या दशकात त्यांनी एका खेड्यातल्या शाळेत चक्क छपाईचं छोटं यंत्र आणलं. मुलांनी आपलं अनुभवलेलं सांगायचं-लिहायचं, त्यांनीच खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, त्यांनीच छापायचं, आणि छापलेली पानं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. मला यातली खिळे जुळवण्याची गोष्ट फार आवडते. एकेक अक्षर बोटांनी उचलून जागेवर ठेवायचं म्हटलं की आपण काय म्हणतोय याकडे लक्ष जातंच.

आपल्याकडे यंत्र नाही, पण कागद आहे. रेडिओवरून घडी शिकवणं म्हणजे फोनवरून पोहायला शिकवण्यासारखं आहे, तरी प्रयत्न करते. ए-फोर कागद घ्या. लांबीत निम्मा दुमडा आणि उघडा. मग रुंदीत निम्मा, आणि पुन्हा निम्मा. उघडलात की आठ चौकोन दिसतील. आता रुंदीची पहिली घडी परत घाला आणि बंद कडेकडून मधल्या रेषेवर कात्री चालवा, पुढच्या घडीपर्यंतच. त्यापुढे गेलात तर पुस्तकाचे दोन तुकडे! कागद उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, मधली चीर फाकेल, आणि पानं एकावर एक मिटवली की मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आतली सहा पानं तयार. कागदाची एकच बाजू दिसते, म्हणून पाठकोरे कागद चालतात. लिहायचं मात्र घड्या घातल्यानंतर. नाहीतर निम्मी गोष्ट शीर्षासन करते.

आमच्या हत्तीला सहा पानं पुरेनात. मग चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले, सोळा पानं झाली. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडली. दाभण माझ्या हातात, हे सांगायला नकोच. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्यातून आत, आतल्या आत थेट खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात, तिथे गाठ. पुस्तक सुटं करून पाहिलं तर एका कागदावर पहिलं आणि सोळावं पान शेजारी येतं, दुसरं आणि पंधरावं शेजारी. बेरीज कायम 17. हे भाच्यानं शोधून काढलं आणि त्यानंतर त्याला हत्तीपेक्षा पुस्तकात जास्त रस वाटू लागला. चालतं तेही. कुणी गोष्ट रचतं, कुणी शिवतं.

पान कुठे उलटायचं हे मात्र दोघांनी मिळून ठरवलं. "आणि आकाशातून खाली येत होती" एवढंच उजव्या पानाच्या तळाशी, आणि "उल्का!" पलीकडे. वाचताना तिथे भाची दर वेळी श्वास रोखते, उल्का तिच्याच गोष्टीतली असूनही.

मुखपृष्ठावर आधी कुणाचं नाव, यावरून भांडण झालंच. शेवटी एकाचं पुढे, एकाचं मागे. शेवटच्या पानावर भाचीनं दोरी काढली आणि दोरीवर टांगलेले तीन मोजे. मी पेन सरसावून विचारलं, "इथे काय लिहू?"

ती म्हणाली, "काही नको. वाळतायत."